पंधरा सप्तपर्णी आणि तिसरं कोटेशन

जूनमधला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. मंजूर झालेली रक्कम एकसष्ट हजार पाचशे रुपये. हजर सभासद एकोणीस, त्यांतले दोघं चहा होताच उठून गेले, म्हणजे मत द्यायला सतरा. हे मी आठवणीवर विसंबून लिहीत नाही. त्या सभेचं इतिवृत्त मीच लिहिलं होतं आणि त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. येत्या जूनमध्ये त्याला सहा वर्षं होतील.

विषय एकच होता. मागच्या कुंपणाच्या भिंतीलगत कोणती झाडं लावायची.

आमची सोसायटी मोशीच्या पुढे आहे. चौसष्ट फ्लॅट. मागच्या भिंतीपलीकडून जो रस्ता जातो तो आम्ही बुकिंग केलं तेव्हा डांबराचा एक पट्टा होता. ताबा मिळेपर्यंत त्यावरून चाकणला जाणारे कंटेनर, गाड्या वाहून नेणारे लांब ट्रेलर आणि काँक्रीटचे मिक्सर चालू झाले होते. मागच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये सकाळी पुसलेली फरशी दुपारी पायाला करकरायची. माझा फ्लॅट त्याच बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. माझ्या खाली पहिल्या मजल्यावर एक निवृत्त कामगार आणि त्यांची बायको राहत. ही हकीकत त्यांची आहे. त्यांना सगळे काका म्हणत, मीही काकाच म्हणायचो, जरी ते मला ‘भाऊ’ म्हणत.

काकांनी भोसरीच्या एका फाउंड्रीत एकोणतीस वर्षं काढली होती. ओतीव लोखंडाच्या कडा घासून काढायचं काम. त्या धुळीनं फुप्फुसं निम्म्यावर आली, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं. खिशात कायम फवाऱ्याचा पंप. कंपनीकडून जो पैसा मिळाला तो सगळा या वन बीएचकेत घातला. मुलगा नाही, एक लेक, ती बार्शीला. म्हणजे हे घर सोडून त्यांना दुसरं घर नव्हतं.

मी निघोज्याच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. एखाद्या सप्लायरला काम द्यायचं की नाही हे आम्ही तक्ता करून ठरवतो. दर, वेळेवर माल, नापास मालाचं प्रमाण, अंतर. प्रत्येकाला गुण, बेरीज शंभरातली. सोसायटीचा खजिनदार झाल्यावर मी झाडांचाही तसाच तक्ता केला. वाढीचा वेग पंचवीस गुण, पाला-कचरा वीस, पाण्याची गरज पंधरा, बारमाही हिरवेपणा पंधरा, मुळांचा भिंतीला धोका पंधरा, किंमत दहा. दोन नर्सऱ्या फिरलो, एका बागकामवाल्याला फोन केले, रस्त्याकडेची झाडं बघत आठ दिवस स्कूटर सावकाश चालवली. निकाल असा लागला: सप्तपर्णी चौऱ्याऐंशी, बकुळ सहासष्ट, करंज चौसष्ट, कडुनिंब एकसष्ट. बकुळ वाढायला फार हळू. करंज आणि कडुनिंब पाल्यात मागे पडले.

पाल्याला वीस गुण का, हे सांगायला हवं. भिंतीलगतच आमचं पार्किंग आहे. सभेत चौथ्या मजल्यावरचा एक आयटीतला तरुण सभासद पहिलं वाक्य हेच बोलला, “गाडी काळी आहे माझी. पाला नको, चीक नको, पक्षी नकोत.”

“मग प्लास्टिकचं लावा ना राव,” मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

सभेत एक म्हातारे होते. ही जमीन त्यांचीच. बिल्डरनं जमिनीच्या बदल्यात त्यांना पाच फ्लॅट दिले, त्यामुळे ते पाच मतांचे धनी. एरवी ते सभेत बोलत नसत, चहा बशीत ओतून प्यायचे. त्या दिवशी बोलले. “करंज लावा. आमच्या बांधाला करंजच हुता. न्हाईतर लिंब लावा.”

“बाबा, पाला पडतो त्याचा.”

“पाला पडणारच की. झाड हाय ते, पत्रा न्हाय.”

मी त्यांना तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा नाही म्हणून तो परत केला. “हे पयलं कंचं?”

“सप्तपर्णी.”

“आमी सातवीण म्हणतो. डोंगरात असती. रानात बरी ती, दारात न्हाय. फुलली की लई वास मारती.”

मी माझ्या कागदाच्या कडेला पेन्सिलीनं ‘वास?’ असं लिहिलं. ते अजून दिसतं. पण वासाला गुण कसे द्यायचे हे मला कळेना. कोणाला आवडेल, कोणाला नाही. जे मोजता येत नाही त्याला रकाना करायचा नाही, ही आमच्या कामातली शिस्त. मी पुढच्या मुद्द्यावर गेलो. सतरा जण मत देणारे, मतं एकवीस, कारण बाबांची पाच. पंधरा सप्तपर्णीला, सहा करंजाला. बाबांच्या पाचांत सहावं मत माझ्या मजल्यावरच्या एका शिक्षिकेचं होतं. काकांनी हात सप्तपर्णीसाठी वर केला. माझ्याकडे बघून म्हणाले, “भाऊंनी शंभरातले चौऱ्याऐंशी दिलेत म्हणजे डिस्टिंक्शन झालं की. आमच्या घराण्यात कुणाला पडलं न्हाई.”

भिंत चौऱ्याऐंशी मीटर, दर सहा मीटरला एक, म्हणजे पंधरा झाडं. रोपं दहा-दहा फुटांची घेतली, चोवीसशेला एक. खड्डे, लाल माती, शेणखत मिळून खड्ड्याला नऊशे. ठिबकची नळी बारा हजार. बेरीज एकसष्ट पाचशे बरोबर येते.

ठिबकची नळी पहिल्याच उन्हाळ्यात उंदरांनी कुरतडली. ती दुरुस्त होईपर्यंत सव्वादोन महिने काकांनी बादलीनं पाणी घातलं. पंधराही झाडांना. दोन बादल्या भरायच्या, मध्येच थांबून भिंतीला टेकायचं, पंप मारायचा, पुन्हा चालायचं. मी एकदा कंपनीतून येताना बादली घेऊ लागलो तर म्हणाले, “राहू द्या. शिफ्ट आहे माझी.” त्यांच्या बायकोनं गॅलरीतून सांगितलं, “एकोणतीस वर्षात घरात तांब्या उचलला नाही ह्यांनी. आता बघा.”

झाडांनी माझ्या तक्त्याला खोटं पाडलं नाही. तीन वर्षांत पंचवीस फुटांवर गेली. वर्षभर हिरवी, पाला थोडा. मी तेव्हा दर रविवारी खिडकीच्या संगमरवरी पट्टीवर ओला कापूस फिरवून ठेवत होतो, डबीत, तारीख घालून. पहिल्या वर्षीचे बोळे काळे आहेत, तिसऱ्या वर्षीचे राखाडी. पानांवर मात्र काळा थर बसलेला असायचा, हात लावला तर बोटं काजळायची. जी घाण आमच्या घरात यायची ती पानांवर राहत होती. मी दोन सभांत ते बोळे दाखवले. टाळ्याही झाल्या.

चौथ्या शरद ऋतूत झाडं पहिल्यांदा फुलली. हिरवट पांढरे गुच्छ, लांबून दिसतही नाहीत. वास मात्र संध्याकाळी सहाला सुरू व्हायचा. पहिल्यांदा बरा वाटतो. तासाभरानं डोक्याच्या मागे बसतो. त्या वर्षी थोडीच फुलं होती, काही जणांचं डोकं दुखलं, एवढंच. पाचव्या वर्षी पंधराही झाडं शेंड्यापर्यंत फुलली. काकांच्या गॅलरीसमोर सहा झाडं येतात, सगळ्यांत जवळच्या झाडाची फांदी कठड्याला टेकलेली. तीन आठवडे त्यांची दारं-खिडक्या बंद होत्या. त्यांनी आतून फटीला ओली फडकी लावली होती. पंपाचा परिणाम पहिल्यासारखा होत नव्हता. शेवटी लेक येऊन त्यांना बार्शीला घेऊन गेली आणि फुलं गळल्यावर आणून सोडलं.

परत आल्यावर ते माझ्याकडे आले. दोन जिने चढायला त्यांना नऊ मिनिटं लागली असावीत, कारण खालून इंटरकॉमवर “येतो” म्हणाले तेव्हा मी दूरदर्शनच्या बातम्या लावल्या आणि ते पोचले तेव्हा हवामान चालू होतं. खुर्चीत बसून बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले. मग म्हणाले, “भाऊ, तोडा म्हणत नाही मी. मीच वाढवलीत. माझ्यापुढच्या सहांच्या फांद्या तेवढ्या फुलं यायच्या आत उतरवा. दरवर्षी. बास.”

हे रास्त होतं आणि करता येण्यासारखं होतं. जुलैत मी उद्यान विभागात अर्ज दिला. त्यांचा माणूस आला, झाडं पाहिली, काकांचे दवाखान्याचे कागद पाहिले, आणि सहा झाडांची छाटणी करायला लेखी परवानगी मिळाली. तो जाताना मला म्हणाला, “गणपतीच्या आत उरकून घ्या. कळ्या धरल्या की उपयोग नाही.” तिथे कोणी अडवलं नाही. अडवलं ते मी.

आमच्या सोसायटीत दहा हजारांच्या वरच्या कुठल्याही कामाला तीन कोटेशनं लागतात. हा नियम मी खजिनदार झाल्यावर केला. आधीच्या कमिटीनं रंगाचं काम ओळखीच्या माणसाला दिलं होतं आणि त्यात किती गेले याचा हिशेब कधीच लागला नाही. पहिलं कोटेशन साडेसोळा हजारांचं आलं, दुसरं एकवीस हजारांचं. तिसरा माणूस वाकडला मोठ्या सोसायट्यांची कामं करायचा, त्याची शिडीची गाडी होती. तो येतो म्हणाला आणि आला नाही. मग गणपतीला गावी गेला. मग त्याची गाडी दुरुस्तीला गेली. मी चौथ्याला विचारलं, त्यानं कागदावर द्यायला नकार दिला, तोंडी आकडा सांगतो म्हणाला. तोंडी कोटेशन मी धरत नाही.

काका गेटपाशी बाकावर बसायचे. मी सकाळच्या बसला जाताना विचारायचे, “आलं का हो तिसरं?”

“आज येतो म्हणालाय.”

“बरं. झाडालाही सांगून ठेवतो. म्हणावं, घाई करू नको, भाऊंचा कागद यायचाय.”

वॉचमन हसायचा. मीही हसायचो.

त्यांची बायको हसली नाही. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाली, “पहिला माणूस स्वस्त आहे ना? मग त्यालाच का देत नाही? भाजी घेताना आम्ही तीन गल्ल्या फिरतो का?”

“काकू, नियम आहे. उद्या कोणी विचारलं तर?”

“विचारायला कोण येणार आहे? तुम्हीच विचारणारे.”

घरी माझी बायको त्याहून स्पष्ट बोलली. “अहो, साडेसोळाची दोन बिलं करा. सव्वाआठ-सव्वाआठची. तीन झाडं आज, तीन उद्या. दहाच्या आत बसतं.”

“ते नियमाला वळसा घालणं झालं.”

“मग घाला ना वळसा. सगळं गाव घालतं.”

मी घातला नाही. रंगाच्या कामात आधीच्यांनी नेमकं हेच केलेलं होतं, बिलाचे तुकडे. त्यांच्यावर भर सभेत आरोप करणारा मीच होतो.

तिसरं कोटेशन दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी आलं. चोवीस हजार. तिघांत सगळ्यांत जास्त. त्या कागदानं काहीच बदललं नाही, काम पहिल्यालाच जाणार होतं. मी त्याच संध्याकाळी कमिटी बोलावली. आम्ही पाच जण पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलो तेव्हा वास सुरू झालेला होता. वर बघितलं तर कळ्या उमलल्या होत्या.

सेक्रेटरी म्हणाले, “आता तर फुलं आलीच. तीन आठवड्यांत आपोआप गळतील. आता साडेसोळा कशाला घालवायचे? पुढच्या वर्षी जुलैतच करू. कोटेशनं तर तयार आहेतच.”

काळ्या गाडीवाला तरुण कमिटीत आला होता. तो म्हणाला, “शिवाय आत्ता छाटली तर धूळ परत आत. थंडीत तर हवा आणखी खराब असते.”

दोन्ही मुद्दे बिनचूक होते. खर्च पूर्ण, फायदा जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा, आणि मागच्या बाजूच्या बाकी अकरा फ्लॅटना धूळ. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि हात वर केला. पाचही हात वर होते. काकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. दार उघडून त्यांनी ऐकून घेतलं. दारातही ते नाकाला ओला रुमाल धरून होते. “ठीक,” एवढंच म्हणाले. लेक त्या वेळी बाळंतपणात होती, बार्शीला जाता येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. कमिटीत कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तो मुद्दा अजेंड्यावर नव्हता.

नवव्या दिवशी सकाळी साडेसहाला काकू दारात आल्या. त्यांनी नुसता हात खाली दाखवला. काका गॅलरीच्या बंद दाराला पाठ लावून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, ओठ जांभळे. ॲम्ब्युलन्सला फोन लावला तर चाळीस मिनिटं म्हणाले. मी आणि वॉचमननं त्यांना खुर्चीसकट खाली आणलं आणि माझ्या गाडीत मागे बसवलं. हॉस्पिटल साडेचार किलोमीटरवर. फर्स्ट शिफ्टच्या बसा, कंटेनर, दुचाक्या. साडेचार किलोमीटरला एक्केचाळीस मिनिटं लागली. काचा वर घेतल्या तर त्यांना हवा पुरेना, खाली केल्या तर पुढच्या ट्रेलरचा धूर आत. काकू दर थोड्या वेळानं काच वर-खाली करत होत्या. काकांनी एकदा डोळे उघडून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं काही सांगायचंय. ते फक्त आधार शोधत होते.

सहा दिवस अतिदक्षता विभागात, पाच दिवस बाहेर. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी त्यांना विचारलं, यात त्या फुलांचा वाटा किती, फाउंड्रीचा किती आणि रस्त्याचा किती. त्या म्हणाल्या, “असं वेगळं काढता येत नाही. छाती तीस वर्षांपासून भरत आली आहे. यावेळी कशानं सांडलं ते तुम्हीच सांगताय. पुढच्या सीझनला ते तिथे नकोत, एवढं मी सांगते.”

मी घरी येऊन तरी कागद घेऊन बसलो होतो. तीन रकाने आखले. एकातही आकडा घालता आला नाही. आजही तो कागद कोरा आहे.

कमिटीनं पुढच्या जुलैत नक्की छाटू असा ठराव केला. सहा नाही, पंधराही. काकूंना मी तो वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “आणि जुलैत पाऊस असला तर?” मग स्वतःच म्हणाल्या, “जाऊ द्या भाऊ. मला आता दर वर्षी कळ्या मोजत बसायचं नाही.” लेकीच्या घराशेजारी दोन खोल्या भाड्यानं मिळत होत्या. फ्लॅट विकायला काढला तर भाव पडून मागत होते, मागची बाजू, रस्ता, धूळ. म्हणून त्यांनी कुलूप लावायचं ठरवलं. देखभालीचे महिन्याचे एकवीसशे चालूच राहणार, हे मीच त्यांना सांगितलं. विचारल्यावर खोटं कसं सांगणार?

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी टेम्पो आला. सामान फार नव्हतं. पलंग, कपाट, गॅस, बाबासाहेबांची मोठी तसबीर चादरीत गुंडाळलेली, सहा कुंड्या. कुंड्या त्यांनी वॉचमनला देऊन टाकल्या. काका टेम्पोत ड्रायव्हरशेजारी आधीच जाऊन बसले होते, कारण एकदा चढून बसलं की पुन्हा उतरायला नको. वॉचमन फाटक उघडेना. तो बिचारा माझ्याकडे बघत होता. घर सोडताना सामान बाहेर काढायचे दोन हजार रुपये सोसायटीला भरावे लागतात आणि पावती दाखवल्याशिवाय टेम्पो सोडायचा नाही, असा नियम आहे. मालक असो वा भाडेकरू.

मी खिशातून दोन हजार काढले. “काका, हे मी भरतो.”

“कशाला?”

“राहू द्या हो. माझ्याकडून.”

त्यांनी मान हलवली. शर्टाच्या आतल्या खिशातून घडी केलेल्या पाचशेच्या चार नोटा काढल्या. आधीच काढून ठेवल्या असाव्यात. “नियम सगळ्यांना सारखा. तुम्हीच म्हणता ना?” श्वास घ्यायला थांबले. “पावती द्या. उगाच पोरगा अडकायचा गेटवर.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता का, हे मी अनेकदा तपासलं आहे. मला तो सापडला नाही.

मी पावतीपुस्तक आणायला तीन मजले चढून गेलो आणि उतरून आलो. टेम्पोच्या बॉनेटवर पुस्तक ठेवून पावती लिहिली. इंजिन चालू होतं, अक्षर हललेलं आहे. छाटणीचे साडेसोळा हजार कोणालाच दिले गेले नाहीत, ते सोसायटीच्या खात्यात तसेच आहेत. या सगळ्या प्रकरणात शेवटी जे पैसे दिले गेले ते दोन हजार रुपये, रोख. देणार: पहिल्या मजल्यावरचे काका. घेणार: सोसायटी, तर्फे खजिनदार. सही माझी आहे.